चौथ्या गाण्यातले काका

तीर्थस्वरूप काकांना साष्टांग नमस्कार. (परवा स्पीकर उचलताना कमरेत उसण भरली आहे, तेव्हा आठांपैकी जेवढी अंगं वाकतात तेवढ्यांचाच समजावा.) तुमची तब्येत कशी आहे? काकूचा गुडघा? टेम्पोचा क्लच? तिघांचीही काळजी वाटते, क्रमावरून काही मनात आणू नका.

आमचा अल्बम बाहेर आल्याचं बाबांनी सांगितलं असेलच. तुम्ही तो ऐकलेला नाही, हे मला काकूने सांगितलं. रेकॉर्डिंगच्या दिवसापासून तुम्ही आमच्याकडे फिरकला नाहीत, आमची वाद्यं न्यायलाही ड्रायव्हरला पाठवता. पोरांच्या मेहनतीवर आपण पाणी फिरवलं, असं तुम्ही धरून बसला आहात म्हणे. म्हणून तुम्ही तडकाफडकी निघून गेल्यावर काय झालं ते सविस्तर लिहितो.

तुम्हाला आठवतच असेल, सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची ती खोली, भिंतींना गाद्या ठोकलेली. (त्या गाद्यांना येणारा वास रेकॉर्ड होत नाही, हे नशीब.) खाली टेम्पोत गिऱ्हाइकाचं कपाट खोळंबलेलं, गिऱ्हाईक फोनवर फोन करतंय, आणि आमची वाद्यं परत न्यायची म्हणून तुम्ही बिचारे सोफ्यावर. सगळ्यांनी एकाच खोलीत एकदमच वाजवायचं हा ताईचा हट्ट; तुकड्यातुकड्यांनी गायलं की गाण्यातला जीव जातो म्हणते. चौथ्या गाण्यात तिसऱ्या कडव्यानंतर सगळी वाद्यं थांबतात. ती शांतता माझी कल्पना. ऐकणाऱ्याच्या काळजात विरहाने कालवाकालव व्हावी, असा माझा बेत होता. नेमके तिथेच तुम्ही विचारलंत, "अजून संपलं नाही का?"

आमच्या ठोक्याच्या (म्हणजे ड्रमवाल्याच्या) हातातून काठी पडली. ताईला हसू फुटलं आणि ते दाबत दाबत तिने शेवटचं कडवं गायलं. काका, ताई आजवर इतकं सुंदर कधीच गायली नव्हती! सकाळपासून ती रडवेली होऊन विरह गात होती. हसू आल्यावर तो विरह खरा वाटायला लागला. रेकॉर्डिंगवाल्याने तुमचं वाक्य पुसायचा प्रयत्न केला, पण तुमचा आवाज इंजिनावर मात करून कमावलेला, तो सगळ्या माइकांत शिरला होता. तुम्हाला पुसलं की ताईचं हसूही जात होतं. तेव्हा तुम्ही राहिलात.

आता पुढचं ऐका. एका समीक्षकाने लिहिलंय की, मानवी दुःखाच्या लांबीला असा थेट जाब आजवर कुणी विचारला नव्हता. दुसऱ्याने तो आवाज काळपुरुषाचा ठरवला. (काकूला हे वाचून दाखवलं, तेव्हा तिला ठसका लागला.) माझ्या मेंडोलिनबद्दल दोघांनीही अवाक्षर काढलेलं नाही. कार्यक्रमात तर ती शांतता आली की अख्खं सभागृह एका सुरात तुमचा प्रश्न विचारतं आणि मग स्वतःच टाळ्या पिटतं. गाणंबजावणं सोडून नोकरी बघा म्हणणारे आमचे बाबा हल्ली पहिल्या रांगेत बसतात आणि शेजारच्याला कोपराने ढोसून सांगतात, तो आवाज माझ्या धाकट्या भावाचा. सगळे मजेत आहोत, तुमच्याविना चुकल्याचुकल्यासारखं होतं एवढंच.

काकूला नमस्कार.

तुमचा पुतण्या

ता. क. शनिवारी मोठा कार्यक्रम आहे. मागच्या वेळी तुमचं वाक्य ठोक्याने म्हणून पाहिलं, लोकांनी त्याला हुसकावलं. आवाज होता, पण कंटाळा खरा नव्हता. तुम्ही याच. खोटं खोटं काही म्हणायची गरज नाही, तुम्हाला मनापासून कंटाळा यावा म्हणून आम्ही गाणी लांबवली आहेत. खाली कपाट ठेवूनच या.

ता. क. २. हे कुणाला सांगितलेलं नाही. सोफ्याजवळच्या माइकचं रेकॉर्डिंग मी काल एकटाच ऐकत बसलो होतो. प्रश्न विचारल्यावर तुम्ही लगेच उठला नाहीत, काका. शेवटचं कडवं संपेपर्यंत तुम्ही मांडीवर ताल धरला होता.