अकराच्या क्लासला बंद पडणारं वायफाय

६ जानेवारी, मंगळवार

आज पुन्हा तेच. श्रुतिका मॅडम स्क्रीनवर "पा—" म्हणून गोठल्या. पप्पाही तसंच तोंड उघडून बसले, वाट बघत. मग भिंतीकडे वळले.

अर्धांगवायूचा झटका आल्यापासून पप्पांचं बोलणं बंद आहे. कळतं सगळं, शब्द बाहेर येत नाही. बोलायला शिकवणाऱ्या मॅडम मुलुंडला, आम्ही बोरिवलीला. रोज नेणं जमणार नाही, म्हणून सकाळी अकराला ऑनलाइन क्लास. आणि तेव्हाच वायफाय मान टाकतं.

आई म्हणाली, "राहू दे गं अपूर्वा. चिडतात ते."

नाही राहू देणार. ऑफिसचे एवढे कॉम्प्युटर मी घरूनच सांभाळते. घरातला एक डबा ऐकत नाही म्हणजे काय?

७ जानेवारी

राउटर लोखंडी कपाटामागे! तिथून कसला सिग्नल येणार. टीव्हीवरच्या फळीवर ठेवला. पप्पांच्या खोलीत रेंजच्या सगळ्या कांड्या. झकास.

८ जानेवारी

झकास कसलं. क्लासमध्ये पुन्हा बंद. पप्पांनी टॅब पालथा घातला.

९ जानेवारी

सकाळी नेटवाला विशाल आला. मोबाइलवर स्पीड दाखवला — "मॅडम, लाइन एकदम ओके."

"आत्ता ओके आहे रे. अकराला बघ."

राउटर बदलून गेला. नवाही अकराला बंद. बाकी दिवसभर मस्त चालतो. म्हणजे डबा नाही, काहीतरी वेगळंच. शोधणार मी.

१२ जानेवारी

सापडलं!

आज सुट्टी टाकून राउटरसमोर बसले. क्लास सुरू झाला. समोरच्या नव्या बिल्डिंगचं ड्रिलिंग पप्पांना ऐकू येऊ नये म्हणून आईने रोजच्यासारखी खिडकी सरकवून लावली — आणि दिवा लाल. उघडली, थोड्या वेळाने हिरवा. बाहेरून येणारी वायर खिडकीच्या पट्टीत चेपत होती. आत काचेचा तंतू असतो, दबला की संपलं.

संध्याकाळी विशालने वायर वरच्या भोकातून घेतली.

आईचा चेहरा उतरला. "म्हणजे मीच बंद पाडत होते?"

"तू खिडकी लावत होतीस, आई. बस."

१३ जानेवारी

पूर्ण क्लास! कुठे अडकलं नाही. मॅडमनी "पाणी" म्हणवून घ्यायला जीव तोडला. पप्पा ओठ जुळवतात, नुसती हवा येते. मॅडम म्हणाल्या, "वेळ लागेल."

लागू दे. लाइन पक्की आहे.

१६ जानेवारी

खाली रस्ता खणताना केबल तुटली. ऐन क्लासात मॅडम गायब. मी राउटरकडे धावले. मागून आवाज आला — घोगरा, तुटका, 'ना'ला 'मां' म्हणणारा पप्पांचा अस्सल मालवणी.

"गेला... मां... नेट."

आई कढईसकट दारात. मी राउटर सोडून पप्पांजवळ जाऊन बसले.