जीप येऊस्तर

१८ नोव्हें. ९६, मांजरसुंबा

आज अफवा पेरली. वाक्य सरांनी पाठच करून घेतलं होतं, शब्द इकडचा तिकडं होऊ नये म्हणून: "परदेशातली एक कपड्याची कंपनी केजजवळ शिवणाचा कारखाना काढणार म्हणे." तिघांना सांगायचं आणि गप बसायचं. ढाबेवाला, केजचा एक भांडीवाला, आणि एस.टी.ची वाट बघत बसलेली एक म्हातारी. म्हातारीला दोनदा सांगावं लागलं, कानानं कमी.

खोटं बोलताना जीभ अडखळेल असं वाटलं होतं. काही नाही. ढाबेवाल्यानं मान वर न करता म्हटलं, "आता काय, समदंच यायलंय." आणि चहा पुढं सरकवला.

सरांच्या तीन अटी होत्या. अफवेनं कुणी घाबरू नये, कुणाचं भांडण लागू नये, कुणी पैसा घालू नये. म्हणून शिवणाचा कारखाना. विद्यापीठातल्या खोलीत मलाही ते गरीब गाईसारखं वाटलं होतं.

२१ नोव्हें., यु. वडगाव

घरी. आता बातमी पोचायची वाट बघायची. पोचली की कार्डं भरायची: कुणाकडून ऐकलं, कुठं, कधी, पुढं कुणाला सांगितलं. मग सर मोजणार, वाटेत काय गळलं आणि काय चिकटलं. गावाला सांगितलंय, बातम्या गावात कशा येतात त्याचा सर्वे आहे. अर्धं खरंच आहे. आप्पा गिऱ्हाइकाला कापड फाडून देताना तेवढंच सांगतात, आमचा नागू विद्यापीठाचा सर्वे करायलाय.

आक्का ओट्यावर मशीन चालवते. ब्लाऊज, फॉल. आषाढात उमापूरहून एकटीच आली एस.टी.नं, तेव्हा डाव्या हाताची करंगळी सुजली होती. नवऱ्यानं पिळली. आता ती वाकडीच राहिली. घरात तो विषय कुणी काढत नाही. वहिनी अजून "पाव्हण्या" म्हणते तिला. आप्पा नि दादा ठरवून बसलेत की डिसेंबर लागला की पाठवायची. आक्काला विचारलं नाही, नुसतं सांगितलं.

मी पण काही बोललो नाही. मी सर्वेवाला.

२६ नोव्हें.

काहीच नाही. कोरी कार्डं. चार ठिकाणी चहा प्यालो, पोटात जळजळ. सरांचं पत्र, धीर धर.

२९ नोव्हें.

आली! दाढी करताना सलूनवाला पांडू म्हणतो कसा, "जपानी कंपनी यायलीय म्हणं केजला. बायका भरती करणार." अकरा दिवस. अर्धी दाढी तशीच ठेवून पिशवीतून कार्ड काढलं. पांडूनं केजच्या मामाकडून ऐकलं, मामानं भांडीवाल्याकडून. परदेशातली होती ती जपानी झाली. इतका आनंद बारावीच्या निकालालाही झाला नव्हता.

नंतर घरी येताना वाटलं, आपण कशानं एवढे खूश झालो बाबा.

४ डिसें.

कार्डं भराभर. कारखान्याचं आता कुणी बोलतच नाही, जीप आलीय मधे. कंपनीची जीप गावोगाव फिरणार, शिवण बघणार, तिथंच नावं लिहून घेणार. पांढरी जीप. ही जीप आम्ही पेरली नव्हती.

आणखी एक चिकटलंय: "टाकलेल्या बायकांला आधी घेणार." हे फक्त आमच्या गावात. केजला विचारून आलो, तिथं कुणाला ठाऊक नाही. सरांना कळवलं. ते हरखले. म्हणतात, बाकी सगळं सोड, हा तुकडा कुणी जोडला ते शोध.

७ डिसें.

उमापूरची माणसं आली. आक्काचे चुलतसासरे आणि दोघं जाणते. नवरा आला नाही. रामराम-शरणार्थ झाले, चहा झाला. चुलतसासरे म्हणाले, झालं गेलं इसरून जावं, भांड्याला भांडं लागतंच. आप्पांनी मान हलवली. दादानं तर येत्या आठवड्यातला दिवसच काढला.

आक्का आतून बाहेर आली. पुरुषांच्या बैठकीत आजवर कधी आली नव्हती. पदर नीट केला आणि म्हणाली, "कंपनीची जीप येऊस्तर मी कुठं जात न्हाई."

मला वाटलं हसतील. हसले नाहीत. चुलतसासरे म्हणाले, खबर उमापूरलाबी हाय. बाकीच्या दोघांनी एकमेकांकडं बघितलं. मग हळूहळू ठरलं की संक्रांतीपर्यंत थांबू. कमावती झाली तर वाईट काय, शेवटी सून आमचीच हाय, असं म्हणून उठले. जाताना आप्पांचा हात धरला, एकदम खुशीत.

ही भेट कार्डावर लिहायला पाहिजे होती. लिहिली नाही.

८ डिसें.

रात्रभर डोक्यात एकच. करंगळी सगळ्यांना दिसते. आप्पांना दिसते, दादाला दिसते, काल आलेल्या तिघांना दिसली, पदर तिनं त्याच हातानं नीट केला होता. ते कारण कुणाला पुरलं नाही. माझी खोटी जीप पुरली.

एस.टी.डी. बूथवरून सरांना फोन केला. सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "नागनाथ, तुझ्या घरातलं तू ठरव. पण १० जानेवारीला खुलासा होणारच आहे, तो अभ्यासाचाच भाग आहे." म्हणजे ग्रामसेवक दवंडी पिटवणार, कारखाना येणार नाही म्हणून. खुलासा किती वेगानं पसरतो तेही मोजायचंय. हे मला आधीपासून ठाऊक होतं. आक्का त्यात येईल हे ठाऊक नव्हतं.

१५ डिसें.

ओट्यावर बायकाच बायका. आक्का शिकवते. कॉलर, बाही, काज. दुकानातल्या चिंध्या संपल्या तर जुन्या पोत्यांवर शिकवते. वहिनी म्हणते घराचा बाजार झाला. पांडूची बायको आक्काला मास्तरीणबाई म्हणाली तर आक्का हसली. मोठ्यानं. लग्नाआधी हसायची तशी.

मी आत कार्डं लावत होतो. लाज वाटली आणि बरंही वाटलं, दोन्ही एकदम.

२० डिसें.

शेवंताबाई आली. आमच्या गल्लीतली. दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेलती. तिकडं फडात बातमी पोचली, आणि ही नवऱ्याशी भांडून परत आली. तिकडं तो एकटा. एकट्याचा कोयता चालत नाही, एकानं तोडायचं आणि एकानं मोळी बांधायची असते. मुकादम त्याला बेजार करतोय म्हणे.

कुणाचं भांडण लागू नये, ही सरांची दुसरी अट.

शेवंताबाईचं कार्ड भरलं. कुणाकडून ऐकलं? "आरं समद्या फडात तेच हाय." पुढं कुणाला सांगितलं? "कुणाला न्हाई सांगितलं ते इचार."

२२ डिसें.

तो चिकटलेला तुकडा. नऊ कार्डं समोर ठेवून रेघा ओढल्या, सर शिकवतात तशा. पांडूच्या बायकोला कुणी सांगितलं, तिला कुणी, तिच्या जावेला कुणी. कागदावर सगळ्या रेघा आमच्याच ओट्यावर येऊन थांबल्या. तीनदा तपासलं.

२३ डिसें.

दुपारी दुकानात कुणी नव्हतं. आक्का टाके उसवत बसली होती. विचारलं, टाकलेल्या बायकांचं तूच म्हणालीस का.

"मीच म्हणले." मान वर नाही. "आन् बाकीचं कोण म्हणलं?"

मी हातातली कार्डं सारखी करायला लागलो.

मग तिनं सुई बाजूला ठेवली. म्हणाली, "गावात जो तो इचारतोय, खरं हाय का, खरं हाय का. तू आल्यापासून एकच इचारायलास, कोण म्हणलं, कोण म्हणलं. खरं हाय का, असं एकदाबी इचारलं न्हाईस. तवाच वळखलं मी."

मला रडू आलं. तिला नाही आलं. एवढंच विचारलं, जीप येत न्हाई ना? मी नाही म्हणालो. तिनं परत सुई घेतली. म्हणाली, मला काय बी राग न्हाई तुझा, एवढे दिवस मिळाले तेच लई. फक्त कुणाला सांगू नको.

१० जानेवारीच्या दवंडीचं सांगितलं तेव्हा मात्र तिचा हात थांबला.

२८ डिसें.

सरांना लिहिलं. आमचं गाव अभ्यासातून वगळा, दवंडी नको. माझं एम.फिल. लांबलं तरी चालेल. चालणार नाहीये, पण लिहिलं.

३ जाने. ९७

उत्तर आलं. गाव वगळतो म्हणतात. पण दवंडी होणार. "आपण खोटं सांगितलं आहे, ते मागं ठेवून निघून येता येत नाही. तुझी बहीण आहे तशा आणखी बायका असतील, त्या कशावर पाणी सोडून बसल्यात तुला माहीत आहे का?"

माहीत आहे. शेवंताबाई रोज समोर बसते. सरांचंही चुकत नाही, हेच वाईट आहे. शिव्या तरी द्याव्यात कुणाला.

१० जाने.

दवंडी झाली. कोतवालानं हलगी वाजवून चार ठिकाणी सांगितलं: केजला शिवणाची कोणतीही कंपनी येणार नाही, अफवेवर विश्वास ठेवू नये हो.

मी पारापाशी उभा होतो. हलगी पुढच्या गल्लीत जाते न जाते तोच पांडू म्हणाला, "येणार नसती तर सरकारनं कशाला हलगी लावली असती बे? दाल में काला हाय." दुसरा म्हणाला, जागा फिक्स झाली, यांना आपली माणसं लावायची हायत. संध्याकाळपर्यंत जीप नक्की झाली होती. आजवर जे हसत होते ते पण आता मानतात.

आक्कानं दिवसभर मशीन थांबवलं नाही.

१२ जाने.

शेवंताबाईचा नवरा तिकडं आजारी पडलाय. दवंडीवर तिचा विश्वास नाही. म्हणून मीच गेलो तिच्या दारात. सांगितलं, मावशी, जीप येत नाही, मला पक्कं ठाऊक आहे, तुमी जा नवऱ्याकडं. तिनं बराच वेळ माझ्या तोंडाकडं बघितलं. "तू म्हणतूस म्हणून ऐकते बग. शिकलेलं लेकरू हायस, तू कावून खोटं बोलशील."

संक्रांत झाली की निघते म्हणाली. आक्का सोडून अख्ख्या गावात एकीला खरं सांगता आलं. जरा हलकं वाटलं.

आक्काला सांगितलं. ती म्हणाली, बरं केलंस.

१६ जाने.

काल किंक्रांत, म्हणून कुणी निघालं नाही. आज सकाळीच उमापूरची माणसं आली. तिळगूळ, आक्काला लुगडं. या वेळी नवराही. पांढरा शर्ट, खाली मान. भला माणूस वाटावा असा.

चुलतसासरे म्हणाले, हलगी तर उलटं सांगती आन् लोक उलटं सांगत्यात, आमी काय समजावं? दादा म्हणाला, काय येत नाही ओ, घेऊन जावा. आप्पांनी हात वर केला. मला बाहेर बोलावलं. सगळ्यांसमोर म्हणाले, "नागू, दवंडीचं राहू दे, लोकाचं राहू दे. तू इद्यापीठातला. तू सांग, येणार हाय का न्हाई. तू म्हणशील तसं करू."

आक्का दाराआड होती. पदराचं टोक तेवढं दिसत होतं.

म्हणायचं होतं, तिचं बोट बघा. तोंडाशी आलं होतं. नवरा समोर बसलेला, आप्पा बघतायत, सगळ्यांना ते आधीच ठाऊक. आषाढापासून ठाऊक. म्हणून काय झालं?

म्हणालो, "येणार आहे. होळीपर्यंत जीप येते. मी विद्यापीठात कागद बघितलाय."

मग चुलतसासरे म्हणाले, कागद हाय म्हणल्यावर संपलं, होळीपर्यंत थांबू. नवऱ्यानं पहिल्यांदा मान वर केली आणि दाराकडं बघितलं. आप्पांचा चेहरा सैल झाला. बिचाऱ्यांना हेच ऐकायचं होतं की काय.

मी ओट्यावर आलो तर शेवंताबाई उभी. डोक्यावर गाठोडं. दहाच्या एस.टी.नं निघाली होती, आक्काचा निरोप घ्यायला आलती. कधीपासून उभी होती विचारायचं धाडस झालं नाही. ती माझ्याकडं बघत राहिली.

तिनं गाठोडं खाली ठेवलं. आक्का बाहेर आली तेव्हा तिला म्हणाली, मास्तरीणबाई, काजं राहिलीत माझी, ती दाखवा आज.