निळा डबा आणि इन्क्लुझिव्ह लीडर

३ फेब्रुवारी २०२५
नागपूरला एका दिवसाचं ट्रेनिंग. विषय: ज्यांचा मेंदू वेगळा चालतो अशा स्टाफला कसं सांभाळावं. पनीर कच्चं होतं. सर्टिफिकेट लॅमिनेट केलं. आजपासून मी, इंद्रकुमार, कोहमारा अ‍ॅम्ब्युलन्स पॉइंटचा सुपरवायझर, इन्क्लुझिव्ह लीडर!

४ फेब्रुवारी
आपल्याकडे असा नमुना कोण? चेतना, गाडीतली टेक्निशियन. ऑटिझमचा कागद तिने जॉइन होतानाच दिला होता. मी आज वाचला. डोळ्यात बघत नाही, माझ्या विनोदाला हसत नाही. रोज ड्यूटीआधी औषधांच्या बॅगेतल्या एकेका वस्तूला ठरलेल्या क्रमाने हात लावते. वीस मिनिटं! मागणी काय, तर सूचना कागदावर द्या, गाडीतली गाणी बंद ठेवा. एवढ्याने लीडरशिप होते होय? मी मोठं काही करणार.

९ फेब्रुवारी
चेतनाचा सरप्राइज सत्कार. शाल, श्रीफळ, बँजो पार्टी. बया कानांवर हात ठेवून गाडीत जाऊन बसली. कृतघ्न. नारळ घरी आणला.

१२ फेब्रुवारी
तिची सवय मोडणं हीच खरी मदत. बॅग स्वतः नव्याने लावली. अ‍ॅड्रेनालिनचा निळा डबा तळाशी, फोटोत छान दिसणारं सामान वर. ड्रायव्हर श्यामलाल म्हणतो, काऊन छेडून राहिले सर, तिले अंधारात बी सापडते. ड्रायव्हरने गाडी चालवावी.

१३ फेब्रुवारी
चेतनाने सगळं पहिल्यासारखं केलं. मी तिला मेमो दिला. वर रिपोर्ट पाठवला: गाडीवर ठेवण्यास अयोग्य, स्टोअरला बदली करावी. ती म्हणाली, गाडीवरून काऊन काढता सर, चूक कोणती ते लिहून द्या. बिझी आहे म्हणालो.

१८ फेब्रुवारी
नागझिरा गेटजवळ टीम-बिल्डिंग. भाषण तयार. गाइड म्हणाला, झाडावर आग्यामोहोळ आहे, हळू बोला. मी स्पीकर मागवला.

२० फेब्रुवारी, दवाखाना
अकरा माश्या. घसा आवळला, श्वास मिळेना. श्यामलाल सांगतो, चेतनाने डॉक्टरांना फोन लावला आणि बॅगेकडे न बघताच निळा डबा काढून इंजेक्शन दिलं. मी म्हणे तळाशी बोट दाखवत होतो.

२७ फेब्रुवारी
ऑर्डर आली. वरच्या साहेबांनी माझा रिपोर्ट वाचला, मग माझाच केसपेपर. स्टोअरला बदली. माझी. त्याआधी बॅग लावायला शिकायचं, चेतनाकडून. तिने सूचना कागदावर लिहून दिल्या. मीच गाणी बंद केली, लक्ष लागेना.
सातव्या वस्तूला चुकलो. विनोद करून पाहिला.
खिडकीकडे बघत ती म्हणाली, पुन्हा पहिल्यापासून.