पोतकरांच्या नौकेची शिवण बाहेरून का आहे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, धंदा चित्रकारी, आता निवृत्त, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटी राहणारी, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या मर्जीने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डाव्या कानाने कमी ऐकू येते, पण लिहायला कान लागत नाहीत. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. आणायला घरात कोणी नाही. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही. माझ्या नावाचा दुसरा कोणी पुढे केला, तर तो खोटा समजावा.

कलम १. हे आत्ताच का लिहिते, ते आधी सांगते. मी एका कॉम्प्युटर गेमसाठी बावीस वर्षे आकाशनौका काढल्या. त्या जगात ढगांवर बेटे तरंगतात आणि एका बेटावरून दुसऱ्यावर जायचे तर नौकेशिवाय इलाज नाही. बेटाबेटावर वेगळे लोक, प्रत्येकाची नौका वेगळी. ऑफिसात मला ‘नौकाबाई’ म्हणत. माझा नियम एकच होता. उडायला शिकण्याआधी हे लोक हातांनी काय करत होते, ते आधी ठरवायचे. विणणारे होते की लोखंड तापवणारे, मासे सुकवणारे की पीठ दळणारे? माणूस आकाशात गेला तरी हातांची सवय बरोबर नेतो. ती सवय सापडली की नौका आपोआप सापडते.

हा गेम या महिन्याच्या अखेरीस बंद होणार, असे कंपनीचे पत्र आले आहे. बंद म्हणजे बेटे, धक्के, नौका, सगळे एका बटणासरशी नाहीसे. मागे उरतील माझ्या लोखंडी कपाटातले दोनशे चौदा कागद आणि एक छापील पुस्तक. ते पुस्तक चुकीचे आहे. त्याबद्दल कलम पाचमध्ये.

कलम २. या दोन खोल्या माझ्या मालकीच्या आहेत. त्या विकाव्यात आणि येईल ते चित्रकलेच्या शाळेला द्यावे. बँकेत जे आहे त्यातून माझे अंत्यविधी करावेत. उरेल ते शाळेलाच. माझा ड्रॉइंग बोर्ड, पट्ट्या, पेन्सिली आणि दिव्याचा स्टँडही शाळेला. अट अशी, की विद्यार्थ्यांना पहिला महिना हातात पेन्सिल देऊ नये. एखाद्या कारखान्यात नुसते बघत बसवावे. शिक्षक कुरकुर करतील. करू द्यावी.

हे सगळे पार पाडायला मी माझ्या वकीलबाईंना नेमते. त्या फटकळ आहेत, पण वेळेवर येतात.

कलम ३. माझ्या नवऱ्याची फुंकनळी दिवाणखान्यात दाराच्या वर टांगलेली आहे. ती काचेच्या कारखान्याला परत द्यावी. भिंतीवर लावायला नव्हे, वापरायला. तो तिथे अठ्ठावीस वर्षे तापलेल्या काचेत हवा फुंकत होता. शेवटी छातीच निकामी झाली आणि अकरा महिने तो पलंगावर होता, शेजारी श्वासाचे यंत्र. त्या अकरा महिन्यांत मी पलंगाला टेकून भातेकरांची नौका काढली.

गेममध्ये भातेकर हे लोहारांचे लोक. ते भाता उलटा करून त्यावर उडायला शिकले, अशी कथा कंपनीने लिहिली आणि ती बरी आहे. पण त्या नौकेचा फुगा दर चार सेकंदांनी फुगतो आणि बसतो, हे भात्यावरून आलेले नाही. आमच्या प्रोग्रॅमरने विचारले होते, “बाई, चारच का? तीन केलं तर जास्त जोरकस दिसेल.”

“चारच ठेव,” मी म्हटले.

“कारण काय लिहू?”

“लिही, त्यांची पद्धत आहे.”

नवरा गेला तेव्हा नौका अर्धी झाली होती. उरलेली अर्धी मी आठवणीने पुरी केली. घरात तो आवाज थांबला होता आणि ऑफिसात पडद्यावर चालू होता. मी सहा महिने रोज सगळ्यांच्या आधी ऑफिसात जात असे, ते त्यामुळे. कामसू म्हणून माझा सत्कार झाला. त्या दिवशी दिलेली शाल मोलकरणीला द्यावी, ती एकदाही वापरलेली नाही.

कलम ४. हे कलम पोतकरांविषयी आहे. ते लक्षपूर्वक वाचावे, कारण पुढचे सगळे त्यावर आहे.

माझी आई धान्याच्या गोदामात फाटकी पोती शिवत असे. हातात दाभण, मांडीवर पोते, तोंडात सुतळीचे टोक. मी आणि धाकटी बहीण शाळा सुटली की तिथेच पोत्यांच्या थप्पीवर बसून अभ्यास करायचो. आई ठिगळ बाहेरून लावायची आणि शिवणही बाहेर ठेवायची. मुकादम हसायचा, म्हणायचा, “उलटं शिवतेस की गं!” आई म्हणायची, “आतून ठिगळ लावलं तर दाणा अडकतो. आणि पुन्हा फाटलं तर अंधारातही बोटाला कळलं पाहिजे कुठून उसवलंय.” सुतळीने तिच्या बोटांना भेगा पडत. त्या ती घरी आल्यावर लपवायची. शाळेत आई काय करते, असे विचारले की आम्ही दोघी ‘शिवणकाम’ म्हणायचो. पोती म्हणायचो नाही.

गेममध्ये पोतकरांचे बेट पिठाच्या धुळीने भरलेले. त्यांनी पहिला फुगा पोत्यांचा शिवला. म्हणून त्यांची नौका ठिगळांची आहे, शिवण बाहेरून आहे, आणि वादळात खलाशी बाहेर लोंबकळत बोटांनी शिवण चाचपतात. लोकांना ती नौका फार आवडली. कंपनीने तिचे भलेमोठे चित्र बसथांब्यांवर लावले.

बहिणीने ते पाहिले. आई जाऊन तेव्हा चार वर्षे झाली होती. बहीण तडक माझ्या ऑफिसात आली आणि बाहेरच्या खोलीत, सगळ्यांसमोर म्हणाली, “ताई, ही आईची शिवण आहे.”

“हो,” मी म्हटले. मला वाटले, तिला आनंद झाला असेल. “मी आईला आकाशात नेलं.”

“विचारलंस तिला? मला विचारलंस? तिने जन्मभर बोटं लपवली, आणि तू ती भिंतीवर टांगलीस.”

मी काय म्हणाले, ते इथे खरे लिहायला हवे. मी म्हणाले, “तुला लाज वाटते, मला नाही.” ती गेली. या गोष्टीला एकोणीस वर्षे झाली. माझ्या नवऱ्याच्या वेळी ती आली होती, सगळ्यांच्या मागे उभी होती. मी वळून पाहीपर्यंत निघून गेली.

लाज तिला वाटत होती, हे खरे. मलाही वाटत होती. नाहीतर मी त्या चित्राखाली आईचे नाव लिहिले असते.

कलम ५. आमच्या कंपनीचे प्रमुख, ज्यांना आम्ही ‘कप्तान’ म्हणत असू, त्यांनी बारा वर्षांपूर्वी नौकांवर जाडजूड पुस्तक काढले. त्यात लिहिले आहे, की पोतकरांची नौका त्यांना डोंगरावर सुट्टीला गेले असताना स्वप्नात दिसली. मी त्यांच्या केबिनमध्ये जाऊन विचारले, तेव्हा ते म्हणाले, “अहो नौकाबाई, लोकांना गोष्ट लागते. तुमच्याकडे आहे का दुसरी?”

होती. मी सांगितली नाही. सांगितली असती तर गोदाम आले असते, भेगा आल्या असत्या, आणि बहिणीचे म्हणणे दुसऱ्यांदा खरे झाले असते. मी “नाही” म्हणून बाहेर आले. चोरी त्यांनी केली, दार मी उघडे ठेवले.

कप्तानांना मी काही देत नाही. त्यांनी माझ्या अंत्यविधीला येऊ नये. आल्यास बोलू नये.

कलम ६. आता ते दोनशे चौदा कागद. हे कलम मी दोनदा लिहिले, त्याची हकिगत सांगणे भाग आहे.

गेम बंद होणार असे कळल्यावर मी अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्यात शिरले. पोतकरांच्या धक्क्यावर एके काळी पाय ठेवायला जागा नसे. आता तिथे शुकशुकाट होता. एकच नौका उभी होती, भातेकरांची. मी लिहिले, “इथे कोणी आहे का?”

उत्तर आले, “आहे की. मी निवृत्त नर्स. तुम्ही?”

“ही नौका मी काढली.”

“थट्टा करताय का म्हातारीची?”

मी म्हटले, मी तुमच्यापेक्षा म्हातारी असेन. मग दोन आठवडे आम्ही रोज दुपारी उडत होतो. मग एका गुरुवारी नर्सबाई संत्री घेऊन माझ्या घरी आल्या. आकाशात इतक्या नौका असताना हीच का, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, “ही श्वास घेते ना. माझ्या घरात दुसरं कोणी घेत नाही.” मी चहा करायच्या निमित्ताने आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाही.

तेव्हा मी ठरवले, की भातेकरांचे कागद नर्सबाईंना आणि पोतकरांचे बहिणीला. उरलेले शाळेला. वकीलबाईंनी मसुदा वाचला आणि म्हणाल्या, “साक्षीदार दोन लागतील. तुम्हाला ओळखणारे. आणि ज्यांना काही मिळणार आहे त्यांनी सही करायची नाही.” मी बोटे मोजायला घेतली आणि पहिल्याच बोटावर थांबले. खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर. ते मला बावीस वर्षे ओळखतात, निदान दाढांपुरते. दुसरे कोणी सुचेना. बहात्तर वर्षांत दुसरे कोणी सुचेना, हे वकीलबाईंसमोर कबूल करणे फार अवघड गेले.

बहिणीला मी चार ओळींचे पत्र टाकले होते, की तुझ्या नावे काही ठेवते आहे, हवे की नको ते कळव. काल दुपारी दार वाजले. ती होती. केस पूर्ण पांढरे झालेले, चालताना डावा गुडघा सांभाळत होती. बस म्हटले तर खुर्चीच्या कडेवर बसली. मी मसुदा पुढे केला. तिने चष्मा लावला आणि कलम चार वाचले. मग परत पहिल्यापासून वाचले.

“मुकादम असंच म्हणायचा,” ती म्हणाली.

“हो.”

“हे सगळं छापणार?”

“कागदांबरोबर राहील. ज्याला वाचायचं तो वाचेल. तू नको म्हणालीस तर कलम काढते.”

ती खिडकीतून बघत राहिली. मग म्हणाली, “पण हे खरं आहे असं कोण सांगणार? त्या माणसाचं तर पुस्तक आहे.”

“कोणी नाही. गोदामात तू आणि मीच होतो.”

“साक्षीदार कोण?”

मी अडचण सांगितली. डॉक्टर एक, दुसरा मिळत नाही, आणि घेणाऱ्याने सही करायची नाही. तिने चष्मा काढून पुसला.

“मग मला नकोत कागद,” ती म्हणाली. “माझं नाव तिथून काढ, ताई, आणि इथे खाली घाल.”

ती लगेच उठली. चहा घेतला नाही. पुन्हा येईन असे म्हणाली नाही आणि मीही विचारले नाही.

म्हणून हे कलम आता असे वाचावे: पोतकरांचे आणि भातेकरांचे सर्व कागद निवृत्त नर्सबाईंना, उरलेले चित्रकलेच्या शाळेला. ते कुठेही दाखवले, तर कलम चार शेजारी लावावे. बहिणीला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही.

आज सकाळी दहा वाजता वकीलबाईंच्या कार्यालयात सह्या व्हायच्या आहेत. ती येईल असे धरून मी हे स्वच्छ करून लिहिले आहे. न आल्यास हा कागद कच्चा राहील, आणि राहू दे.

लिहून देणार: सही. चित्रकार, उर्फ नौकाबाई.
ठिकाण: वकीलबाईंचे कार्यालय, पहिला मजला. दिनांक अकरा मार्च, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटे.

साक्षीदार एक: सही. दातांचे डॉक्टर, खालचा मजला. लिहून देणारीने माझ्यासमोर सही केली. त्या पूर्ण शुद्धीवर होत्या.

साक्षीदार दोन: सही. लिहून देणारीची धाकटी बहीण. हिने माझ्यासमोर सही केली. कलम चारमध्ये आईविषयी लिहिले आहे ते खरे आहे. मी तिथे होते.