चॅसीला आधी रंग लावू नये

जेराल्डीन गाव, मंगळवार दुपार

ती. मोइरावन्संना,

नेटाचा नमस्कार. गुडघा आता जिना चढू देतो का? रविवारी प्रार्थनेत त्याचं नाव घेतलं (म्हणजे तुमचं, गुडघ्याचं देवाला आपोआप कळलं असेल). आम्ही प्रभूच्या कृपेने खुशाल. आज मात्र मला एका जागी बसवत नाहीये, म्हणून आल्याचा केक भट्टीत ठेवून हे लिहायला घेतलंय.

तुमचे बंधू नऊ वर्षं गॅरेजात स्वतःच्या हाताने मोटार बांधतायत, हे तुम्हाला ठाऊकच आहे. अजून तिला ना चाकं, ना पत्रा. नुसता लोखंडी नळ्यांचा सांगाडा, म्हणजे चॅसी. तिच्यात स्वयंपाकघरातली खुर्ची ठेवून, टोपी घालून हे संध्याकाळी बसतात आणि वळण आलं की कलतातसुद्धा. (मी खिडकीतून बघते, त्यांना माहीत नाही.) तपासनिसाने चॅसी पास केल्याशिवाय पुढे काही जोडायचं नाही, असा यांचा निश्चय. आणि नापास झाली तर करवत लावून भंगारात देणार, गॅरेज तुला शिवणकामाला घे, असंही जाहीर करून टाकलं. पहिल्या वर्षी हे ऐकून मी देवाचे आभार मानले असते. आता मात्र रिकाम्या गॅरेजचा नुसता विचारही करवत नाही.

तर तपासनीस ड्रमंडसाहेब गेल्या गुरुवारी यायचे होते. पाहुणा येणार म्हटल्यावर बाईमाणूस काय करतं? मी पडदे धुतले, चीज रोल करून ठेवले, आणि बुधवारी हे दात काढून घ्यायला गेले तेव्हा मनात आलं, सगळं घर लखलखीत आणि माणूस जिला बघायला येतोय ती अशी उघडी, जोडाजोडावर वेल्डिंगचे सुरवंट चिकटल्यासारखी? चर्चच्या फाटकाचा हिरवा रंग उरला होता (पाळकांनीच दिलेला, आणि तो डब्यात वाळू देणं माझ्या जिवावर आलेलं). दिले दोन हात. सुरवंटांवर तीन. हे परत आले तेव्हा त्यांचं अर्धं तोंड बधिर होतं, त्यामुळे ते जे काही बोलले ते मला समजलं नाही. देव दयाळू आहे.

गुरुवारी ड्रमंडसाहेब बॅटरी आणि काठीला लावलेला आरसा घेऊन चॅसीखाली शिरले, आणि लगेच बाहेर आले. त्यांचं म्हणणं, ते सुरवंटच तर मला बघायचे असतात. वेल्डिंगला तडा असेल तर रंगाखाली दिसणार कसा? मग विचारलं, "आर्ची, रंग कोणी दिला?"

हे म्हणाले, "मी."

अडतीस वर्षांत हा माणूस खोटं बोललेला नाही, वन्सं, आणि बोलला तर असा. मी तिथल्या तिथे कबुली दिली. साहेब म्हणाले, सोमवारी येतो, तोवर सगळं खरवडा.

खरवडलं. चार दिवस, जुन्या टूथब्रशने, रविवार प्रार्थनेपुरता सोडून. काल ते पुन्हा आले. प्रत्येक जोड आरशातून पाहिला, ठोकला, मापला. आणि पुढच्या चाकांच्या आधारापाशी थांबले. बाहेरून ठीक आहे, म्हणाले, पण वेल्डिंग आत किती मुरलंय? हा जोड केला त्याच दिवशी त्याच नळीचे नमुन्याचे तुकडे जोडून ठेवले असतील तर कापून बघतो. यांचा चेहरा उतरला. केले होते, दोन केले होते, पण कधीच हरवले.

"माझ्या घरात काही हरवत नाही," म्हणून मी उठले.

एक तुकडा कोठीचं दार उघडं राहावं म्हणून टेकवलेला होता, विणलेला झगा घालून. (उघडं लोखंड फरशीवर कसं ठेवणार?) साहेबांनी झगा उतरवला, तुकडा मधोमध कापला, भिंगातून बराच वेळ पाहिला. "आर्ची," ते म्हणाले, "लोणी मुरावं तसं मुरलंय हे." हे मटकन खुर्चीत बसले. चॅसीतल्या. आणि साहेबांनी सहा चीज रोल खाल्ले. म्हणजे पासच म्हणायची. फक्त दुसरा तुकडाही बघतो, मग पुढच्या शुक्रवारी सही करतो, असं सांगून गेले.

केक फुगला बहुतेक. गुडघा जपा.

तुमची,
नेटा

ता. क. फोनच केला असता, पण फोन यांच्या खुर्चीशेजारी आहे. वन्सं, गेल्या नाताळात मी पाठवलेलं ते आधुनिक शिल्प तुम्ही शेकोटीवरच्या फळीवर मांडलंय ना? "इथल्याच एका कारागिराने घडवलेलं" असं मी लिहिलं होतं. ते अक्षरशः खरं होतं. पत्र मिळताच पोस्टाने धाडा. अर्धं परत मिळेल.

आणखी ता. क. त्याचा सोनेरी रंग मूळचा नव्हे. तो मीच दिलेला. कृपा करून काढूनच पाठवा. सोबत टूथब्रश ठेवलाय.