बोडकी अक्षरं

३ जानेवारी

आजही ताट तसंच! छकुलीनं वरणभाताला हातसुद्धा लावला नाही. दिवाळीपासून घरात आहे, आता तर तोंडातून शब्दही नाही.

अंगददादा आणि नीनावहिनी तिकडे जॉर्जियात घाटात गाडीसकट दरीत गेले. आबांनी त्यांची ही सात वर्षांची पोर केदारखेड्याला आणली. तिकडच्या आजीचा, बेबोचा, फोन आला की पोर रडून रडून उपाशीच झोपायची. "फोन बंद करा. मंग आपसूक मराठी बोलन," आबा म्हणाले. फोन बंद झाले. रडणं बंद झालं — आणि बोलणंही.

५ जानेवारी

मोबाइलमधल्या बाईला जॉर्जियन बोलायला लावलं. छकुलीनं दोन्ही कान झाकले.

मग मीच शिकते! तेहेतीस अक्षरं, सगळी जिलेबीसारखी गोल. आई वाकून म्हणाली, "डोक्यावर रेघच न्हाई! बोडकीच हायेत की गं."

९ जानेवारी

शाळेतून आल्यावर वाचत बसले. ह्या लिपीची दोन जुनी रूपं अजून चर्चमध्ये जिवंत आहेत. शेजारची आर्मेनियन लिपीही टिकली. तिसऱ्या शेजाऱ्यांची मात्र मेली — काकेशसमधल्या अल्बेनियन लोकांची. त्यांची पोथी कुणी तरी खरवडली आणि त्याच चामड्यावर जॉर्जियन लिहिलं. शेकडो वर्षांनी सिनाईच्या मठात खालची अक्षरं पुन्हा सापडली.

आपण या पोरीचं तेच करतोय. खरवडतोय! आणि वर मराठी लिहायला टपलोय.

आबांना सांगितलं. "येडी का तू? लेकरू हाय ते, पोथी न्हाई." पुढे बोलायची सोयच नाही.

रात्री पुन्हा उपाशी. काड्या झालेले हात बघवत नाहीत तिचे. काय करू?

१२ जानेवारी

पाटीवर त्या बोडक्या अक्षरांत तिचं तिकडचं नाव लिहिलं — नातिया. आणि सवयीनं वर रेघ ओढली! वर्गात रोज "रेघ विसरू नका रे" म्हणून ओरडणारी मास्तरीण मी, हात थोडाच ऐकतो?

छकुली बघत राहिली. जवळ आली. बोटाला थुंकी लावली आणि पुसलं. फक्त रेघ. नाव तसंच ठेवलं.

मी मोरीत जाऊन रडून घेतलं.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळाचा अर्धा लाडू खाल्ला! मग पाटी ओढून लिहिलं: ბებო.

अक्षर अक्षर लावत वाचलं. बेबो.

"काय लिव्हलंय गं?" आईनं विचारलं. आबाही बघत होते. घरात ही अक्षरं वाचणारी मी एकटी. 'पाणी' म्हणाले असते तरी खपलं असतं. जिभेवर आलंही होतं, कारण खरं सांगितलं तर ही पोर हातची जाणार, हे मला दिसत होतं.

"बेबो लिहिलंय," म्हणाले.

आबा उठून शेतात निघून गेले.

१५ जानेवारी

मीच बेबोला फोन लावला. छकुली बोलली! घसा बसेपर्यंत बोलली. मला दहातला एक शब्द कळला असेल. पलीकडे बेबो नुसती रडत होती.

आबा दारात उभे. "अंगदसारखाच आवाज हाय की," एवढंच म्हणाले आणि तिथंच खाली बसले.

रात्री तिनं भाकरी मागून घेतली.

१९ जानेवारी

बेबो न्यायला येतेय. आबा हो म्हणाले, आता त्यांच्याच्यानं नाही म्हणवत नाही. मला म्हणवतं! रोज मनात म्हणते. मला ना नवरा ना मूल, हे एक लेकरू दारात आलं, तर त्याला परतीची वाट मीच दाखवली. कशाला शिकले मी ती अक्षरं? कशाला?

१ फेब्रुवारी

उद्या.

२ फेब्रुवारी

गेली. गादीवर पाटी ठेवून गेलीय. მამიდა. मामिदा — आत्या.

वर रेघ ओढलीय. तिनंच.