गहाळ चटयांबाबत वहिनींना

मंगळवार, ११ नोव्हेंबर, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. (वेळ हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीतल्या घड्याळाप्रमाणे. ते दोन मिनिटं पुढे असतं, म्हणजे खरं तर अकरा आठ. तक्रार बिनचूक असावी म्हणून सांगितलं.) ठीक त्या क्षणी तुमच्या संस्थेच्या तज्ज्ञ बाईंनी माझ्या वर्गाच्या हजेरीवहीत, माझ्याच पेनानं, "साहित्य गहाळ : चटया २४" असा शेरा मारला.

आता नमस्कार.

सौ. वहिनी, दादाचा गुडघा कसा आहे? तुमचं ब्लड प्रेशर? त्याला म्हणावं, जिने चढताना कठड्याला धर, त्यात कमीपणा नाही. माझी तब्येत विचाराल तर शनिवारपर्यंत उत्तम होती. शनिवारी तुमच्या सहीचं पत्र आलं. तेहेतीस वर्षांच्या नात्यात तुम्ही मला लिहिलेलं हे पहिलंच पत्र, आणि मायना काय, तर "महोदया". वन्सं म्हणायला शाई कमी पडली का? पुढचा मजकूर असा, की साहित्याची नासधूस झाल्यामुळे आणि समूहाची मनःस्थिती चिंताजनक आढळल्यामुळे लॉन्ड्रीतला वर्ग एक डिसेंबरपासून बंद करून "अधिक अनुकूल ठिकाणी" हलवण्यात येत आहे. खाली तुमची सही, त्या लांबलचक शेपटीसकट.

तेव्हा मुळापासून सांगते. जुलैत तुमचा फोन आला होता : वन्सं, तुम्ही तशा मोकळ्याच असता. (मी मोकळी नव्हते, पुस्तकांचं कपाट आवरत होते, पण ते असो.) योग आणि चित्रकलेचा उपचार ज्यांच्या वाट्याला कधी येत नाही त्यांच्यापर्यंत न्यायचा आहे, आणि मी तीस वर्षं रोज सकाळी आसनं करते, म्हणून तुम्हाला माझी आठवण झाली. मी करते हे तुम्हाला ठाऊकच आहे, कारण आमच्याकडे राहायला आलात की नेमक्या त्याच वेळी तुम्ही साखरेचा डबा कुठे आहे ते विचारायला येता. मी हो म्हटलं आणि लॉन्ड्री मागून घेतली. का मागितली, हे तुम्ही तेव्हा विचारलं नाहीत. त्याच हॉस्पिटलात मी बत्तीस वर्षं रेकॉर्ड विभागात काढली. लॉन्ड्री बरोबर दोन मजले खाली. बत्तीस वर्षांत एकदाही खाली गेले नाही. स्वच्छ टॉवेल वर यायचे, मळके खाली जायचे, ते आपोआप जातात-येतात अशीच माझी समजूत होती. कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनी पाठ सरळ ठेवायला शिकवलं; मान खाली करून बघायला काही शिकवलं नाही.

तुम्ही चोवीस जांभळ्या चटया पाठवल्यात, रंगीत खडूंच्या पेट्या पाठवल्यात आणि एक गुळगुळीत पुस्तिका. तिच्या मुखपृष्ठावर पांढऱ्या कपड्यातली एक बाई समुद्राकडे तोंड करून बसली आहे. लॉन्ड्रीत सकाळच्या पाळीला तेवीस बायका. मुकादमानं तुमच्या संस्थेचं छापील पत्र दोनदा वाचलं, उजेडाकडे धरून बघितलं आणि मंगळवारी नि शुक्रवारी कामाच्या वेळातली वीस मिनिटं दिली. पहिल्या दिवशी मी पुस्तिकेबरहुकूम शवासनानं सुरुवात केली. तेवीसच्या तेवीस जणी एका मिनिटात गाढ झोपल्या. एक तर घोरायला लागली. वीस मिनिटं संपली, इस्त्रीचे गरम रोलर पुन्हा सुरू झाले, चादरी आत घालायला कोणी नाही, आणि मुकादम दारात कमरेवर हात ठेवून उभा. शेवटी मी आमच्या थोरल्या सिस्टरांच्या आवाजात "स्टँड अप, गर्ल्स!" अशी गर्जना केली. तेवीसही जणी उभ्या राहिल्या. मुकादमही ताठ झाला.

दुसऱ्या खेपेला झोपायचं नाही असं ठरवून ताडासन घेतलं. पुस्तिकेत लिहिलंय, पाय घट्ट रोवा आणि जमीन अनुभवा. तिथे एक बाई आहे, तिला सगळ्या घडीताई म्हणतात, कारण पलंगाच्या चादरीची घडी ती एकटी, कोणी दुसरं टोक न धरता, घालते. (तुम्ही घरी करून बघा. मी केली. अर्ध्या तासानं मीच चादरीत होते.) तर घडीताई म्हणाली, "बाई, दहा तास तेच करतो की! त्या समुद्रावरच्या बाईला म्हणावं, एकदा इथं येऊन आमची जमीन अनुभव." सगळ्या हसल्या. मीही हसले, पण जरा उशिरा. मग ताडासन रद्द करून सगळ्यांना भिंतीला पाय टेकवून निजवलं आणि डोळे उघडे ठेवायची ताकीद दिली. माझ्या समोर, भिंतीवर, सेहेचाळीस पाय. वहिनी, मी तुमच्याशी भांडायला बसले आहे, तेव्हा हे थोडक्यात सांगते. सुजलेले, टाचा चिरलेल्या, घोटे कुठे संपतात ते कळू नये असे पाय. ओल्या सिमेंटवर दहा-दहा तास.

चित्रकलेच्या दिवशी पुस्तिकेनं विषय दिला : तुमचं दुखणं कुठे राहतं ते रंगवा. एकीनं फारसा विचार न करता कागद जमिनीवर ठेवला, त्यावर पाय ठेवला आणि खडू फिरवला. पाठोपाठ सगळ्यांनी. (एकीला उजव्या पायाला सहा बोटं आहेत. तिनं सहाही काढली, अंगठा लाल.) घडीताई बराच वेळ आपल्या कागदाकडे बघत राहिली, मग तिनं तो आकारावरून कापला, चटईवर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. कात्री मी दिली. हे मी लेखी कबूल करते आणि पुन्हा मागितली तर पुन्हा देईन. दोन्ही पाळ्यांच्या सेहेचाळीस बायकांना पुरतील असे, चपलेत घालायचे दुहेरी थराचे तळवे निघाले. गणवेश दुरुस्त करणाऱ्या शिंपीकाकांनी कडा शिवून दिल्या. उरलेले तुकडे फरशी पुसणाऱ्या बायकांनी गुडघ्यांखाली घ्यायला नेले. चोवीस चटयांपैकी टाकायला उरलं ते माझ्या मुठीत मावलं. वर्ग आता बाद झालेल्या चादरींवर, भिंतीला आणि घडीच्या टेबलांना धरून चालतो, आणि छान चालतो. मी रेकॉर्डची बाई. तक्ता ठेवला आहे. ऑगस्टात पाळी सुटल्यावर लंगडत फाटकापर्यंत जाणाऱ्या : एकोणीस. ऑक्टोबरच्या अखेरीस : चार. उभ्या आयुष्यात मी हजारो कागद फाइलला लावले, पण हा एक कागद मी घरी आणून दोनदा वाचला.

आणि आता तुमच्या तज्ज्ञ बाई. गळ्यात स्कार्फ, वागायला गोड. आल्या आल्या विचारलं, चटया कुठे आहेत? घडीताई म्हणाली, "आम्ही त्यावरच उभ्या आहोत." हे वाक्य त्यांना फार खोल वाटलं असावं, डोळे मिटून मान हलवली आणि टिपून घेतलं. पाय उचलून दाखवल्यावर मात्र चेहरा बदलला. मग भिंतीवरची चित्रं बघितली. तेवीस जोड पाय. निष्कर्ष काय, तर "समूहात पळून जाण्याची तीव्र सुप्त इच्छा". सहा बोटांच्या चित्राखाली लिहिलं, "वास्तवाचं भान सुटत चालल्याची लक्षणं". अहो, तिच्या पायाकडे बघा! दोन हातांवर वास्तव उभं होतं. मी बोलणार होते, पण तोवर अकरा दहा झाले होते आणि माझं पेन त्यांच्या हातात होतं.

नासधूस म्हणता? तुमची योजना होती, की उपचार या बायकांपर्यंत पोचावा. तो पोचला, पार तळव्यापर्यंत पोचला. तुमच्या सगळ्या केंद्रांत आणखी कुठे पोचला असेल तर मला तक्ता दाखवा, मी माझा फाडते. आणि अनुकूल ठिकाणी ज्या बायका येतील त्यांना चटई घरून आणता येते. इथला वर्ग गेला की मुकादमाची वीस मिनिटंही गेली. ती त्यानं तुमच्या छापील पत्राला दिली आहेत, बायकांना नव्हे. आठवड्यातली चाळीस मिनिटं, वहिनी. तेवढाच वेळ त्या खाली टेकतात.

दादाला नमस्कार सांगा, आणि हे पत्र त्याला वाचायला देऊ नका. तो मध्ये पडेल.

तुमची,
वन्सं (महोदया नव्हे)

ता. क. तुमच्या तज्ज्ञ बाई शुक्रवारी एकट्याच परत आल्या. दिवसभर पाहणी करत फिरून टाचा दुखतात म्हणाल्या, आणि कागदावर पायाचा आकार काढून दिला. चटई उरली नव्हती, म्हणून शिंपीकाकांनी जुन्या गादीतून एक जोड करून दिली. पळून जाण्याची इच्छा त्यांना कधीपासून आहे, ते तुम्हीच विचारून घ्या.

ता. क. २. वर सुरुवातीला "माझ्या वर्गाच्या" असं लिहिलं आहे ते तेवढं दुरुस्त करून वाचावं. नऊ सप्टेंबरला पुढे वाकून दाखवताना माझी कंबर धरली. मला मळक्या चादरींच्या ढकलगाडीत घालून वर अपघात विभागात नेण्यात आलं, आणि तिथली जुन्या ओळखीची नर्स मला चादर समजून परत पाठवायला निघाली होती, असा माझ्यावर अजून विनोद होतो. तेव्हापासून मी खुर्चीत बसून फक्त हजेरी घेते. शिकवते घडीताई. रोलरपाशी उभं राहून कोणाचं काय आणि कुठे दुखतं हे तिला ठाऊक आहे, त्यामुळे ती सांगते ते पुस्तिकेत नाही आणि माझ्या तीस वर्षांतही नव्हतं. तक्त्यातला एकोणीसचा आकडा माझा. चारचा तिचा.

ता. क. ३. म्हणून चटया नकोत, माफी नको. संस्थेच्या छापील कागदावर, मुकादमाला उजेडाकडे धरून बघता येईल अशा, घडीताईच्या पूर्ण नावाचं शिक्षिका म्हणून नेमणूकपत्र हवं आहे. नाव वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत जोडलं आहे. ते तिनं स्वतः लिहिलं आहे, टाइप करणाऱ्यानं त्यात सुधारणा करू नये. माझं नाव वगळलं तरी चालेल. उत्तर लेखी, शनिवार, २२ नोव्हेंबर, संध्याकाळी पाचच्या आत. फोन केलात तर मी उचलणार नाही.